‘सुटला बिचारा’ म्हणणाऱ्यांना काय सांगायचं?

या महिन्यात डाऊन सिंड्रोम (जन्मतःच एक गुणसूत्र जादा असणं) असलेलं आपलं माणूस गेल्याबद्दलची बरीच पत्रं आली, त्यातली तीन घेतेय. पहिल्या पत्राला जरा जास्त जागा दिलीय, कारण त्यातलं आईचं दुःख मी फार घरांत बघितलंय. मी विशेष मुलांच्या शाळेत शिकवायचे, त्यामुळे हे सगळं माझ्याही जवळचं आहे.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मिरजेची. माझा मोठा भाऊ, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणायचो, गेल्या श्रावणात गेला. 51 वर्षांचा होता, त्याला डाऊन सिंड्रोम होता. जन्मला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते हे मूल दहा-बारा वर्षं काढेल, पण दादा बाबांच्याही नंतर राहिला. आमचं किराणा दुकान आहे. सकाळी शटर उघडलं की पायरीवर पाणी मारायचं, उदबत्ती लावायची आणि रद्दीच्या पुड्या करून ठेवायच्या हे दादाचं काम, दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला चालायचा नाही. गल्लीतल्या गणपतीच्या आरतीला झांज त्याचीच. शेवटची दोन-तीन वर्षं मात्र फार वाईट गेली, पुडी करता करता मध्येच थांबायचा, घरातल्या घरात बाथरूम सापडायचं नाही, आईवर हात उगारायला लागला, मग फिट यायला लागल्या. एका डॉक्टरांनी ‘अशा मुलांचं असंच असतं’ म्हणून विषय संपवला. दादा गेल्यावर जो भेटायला येई तो म्हणे ‘सुटला बिचारा’, आणि निघताना हळूच ‘तुम्हीपण सुटलात’. आई 74 वर्षांची आहे, दिवसभर नुसती बसून असते. एकदाच बोलली, म्हणाली मी रोज देवाला सांगायचे माझ्या आधी याला ने, देवाने ऐकलं, आता मी कुठल्या तोंडाने रडू. ग्रहणात भाजी चिरली म्हणून तो असा जन्मला हेही तिच्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. आता वर्षश्राद्ध जवळ आलंय तर काका म्हणतात बिनलग्नाचा माणूस, मागे मूल ना बाळ, कशाला करत बसता. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, तो मामाबद्दल सारखं विचारतो. दादाची आठवण आम्ही ठेवायची कशी? आणि शेवटी त्याला नक्की झालं काय होतं?

उत्तर : आधी शेवटच्या प्रश्नाचं सांगते, कारण ते कळल्याशिवाय ती शेवटची वर्षं तुमच्या डोळ्यांसमोरून हलणार नाहीत आणि आधीचा दादा तुम्हाला नीट आठवणारही नाही.

डाऊन सिंड्रोममध्ये 21 नंबरचं गुणसूत्र दोनाच्या ऐवजी तीन असतं हे तुम्हाला माहीत असेल. अल्झायमरमध्ये, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या आजारात, मेंदूत जे प्रोटीन साचत जातं त्याचं जनुक नेमकं याच 21व्या गुणसूत्रावर आहे, म्हणजे या लोकांच्या शरीरात ते प्रोटीन जन्मापासूनच जास्त तयार होत असतं. चाळिशीपर्यंत जवळपास सगळ्यांच्याच मेंदूत तसे बदल दिसायला लागतात आणि बऱ्याच जणांमध्ये पन्नाशीच्या आसपास ते वागण्यात उतरतात. ओळखीची वाट चुकणं, हातातलं रोजचं काम अर्ध्यात विसरणं, एकदम चिडणं, आणि आयुष्यात कधी नव्हत्या त्या फिट सुरू होणं, हे सगळं त्यात येतं. मी डॉक्टर नाही आणि आता तपासणीही होणार नाही, पण तुम्ही लिहिलेलं सगळं त्याच्याशी फार जुळतंय. म्हणजे आईवर हात उगारला तो दादाने नाही उगारला, आजाराने उगारला, हे आईला सांगा, एकदा सांगून पुरायचं नाही, परत परत सांगा.

‘अशा मुलांचं असंच असतं’ हे वाक्य वाचून मला राग आला. पन्नाशीच्या माणसात असा बदल दिसला तर आधी थायरॉइड बघायचं, कान बघायचे, मोतीबिंदू बघायचा, रात्री झोपेत श्वास अडकतोय का ते बघायचं, मन खचलंय का ते बघायचं, कारण यातल्या बऱ्याच गोष्टी या लोकांमध्ये जास्त असतात, दिसायला स्मृतिभ्रंशासारख्याच दिसतात आणि उपचाराने बऱ्या होऊ शकतात. ज्यांच्या घरी आज चाळिशीतला भाऊ किंवा बहीण आहे त्यांनी हे लिहून ठेवा, आणि डॉक्टरांनी टाळलं तर दुसरे डॉक्टर गाठा.

आता दहा-बारा वर्षांचं. डॉक्टरांनी ते दुष्टपणाने सांगितलं नसणार. दादा जन्मला तेव्हा आपल्याकडे लहान बाळाच्या हृदयाचं ऑपरेशन म्हणजे फार थोड्या ठिकाणची गोष्ट होती आणि या मुलांना छातीचा संसर्ग झाला की ती पटकन जात. अमेरिकेतसुद्धा 1983 च्या सुमाराला डाऊन सिंड्रोम असलेल्यांचं सरासरी आयुष्य 25 च्या आसपास धरत, आज ते 60 च्या जवळ आलंय. त्या काळात, मिरजेत, दुकान सांभाळून तुमच्या आईने त्याला 51 वर्षांचा केला. लोक ‘सुटलात’ म्हणतात तेव्हा हे सगळं काम पुसलं जातं म्हणून ते एवढं लागतं. बोलणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा वाईट नसतं, त्यांना दुसरं काही सुचत नाही. तरी ऐकून घेऊ नका. शांतपणे म्हणा, ‘सुटला नाही हो, गेला. आम्हाला त्याची फार आठवण येते.’ एवढं बास. पुढच्या वेळी तो माणूस दादाबद्दल काहीतरी विचारेल तरी.

ग्रहणाचं म्हणाल तर आईला जवळ बसवून सावकाश सांगा. हे तिसरं गुणसूत्र बहुतेक वेळा आईचं बीज तयार होतानाच जादा येतं, म्हणजे दिवस जाण्याच्या आधीच ते ठरलेलं असतं. ग्रहण, भाजी, विळी, कुणाची नजर, नात्यात लग्न, कशाचाही संबंध नाही. 1959 साली पॅरिसच्या डॉक्टरांनी हे जादा गुणसूत्र असल्याचं जाहीर केलं, दादाच्या जन्माआधी बरीच वर्षं, पण आपल्या घरापर्यंत ते कुणी आणून पोचवलंच नाही. माझ्या माहितीतल्या एका आजींना हे सत्तराव्या वर्षी कळलं, तर त्या आधी रडल्या आणि मग चिडल्या, की एवढी वर्षं मला कुणी सांगितलं का नाही. तुमची आईपण चिडेल कदाचित. चिडू द्या.

आणि ते मागणं, माझ्या आधी याला ने. ताई, हे मागणं मी इतक्या आयांच्या तोंडून ऐकलंय की आता मोजत नाही. शाळेच्या गेटवर रिक्षाची वाट बघत उभ्या राहिलेल्या बायका एकमेकींना हे सहज सांगतात, जसं भाजीचा भाव सांगावा तसं. त्यात मुलाच्या मरणाची इच्छा नसते. माझ्यानंतर याला वेळेवर जेवायला कोण घालेल, याचं बोलणं कुणाला कळेल, याला कुणी मारणार तर नाही ना, एवढीच ती काळजी असते आणि तिला दुसरं उत्तर सापडत नाही म्हणून ती देवाकडे जाते. तुमच्या आईने दादाला मरण मागितलं नाही, तिने त्याला शेवटपर्यंत स्वतःजवळ मागितलं. तिला रडायचा पूर्ण हक्क आहे.

(ज्यांची मुलं आज आहेत त्यांच्यासाठी इथेच सांगते. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने 18 वर्षांवरच्या बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलासाठी कायदेशीर पालक नेमून घेता येतो, त्याची समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असते. निरामय ही 1 लाखापर्यंतची आरोग्य विमा योजनाही त्याच न्यासाची. आणि भावंडांशी ‘पुढे कोण’ हे बोलणं आईबाप धडधाकट असताना करा, हॉस्पिटलच्या बाकड्यावर नको.)

आता आठवणीचं. देवाघरचं फूल, निष्पाप जीव, असलं काही फोटोखाली लिहू नका एवढी माझी विनंती. तुमच्या पत्रातला दादा फूल वगैरे अजिबात नाही, तो स्वतःच्या पुड्यांना दुसऱ्याला हात लावू न देणारा, कामाचा पक्का, हट्टी दुकानदार आहे. तोच आठवा. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत त्याचा एक दिवस कसा जायचा ते एका वहीत लिहायला घ्या. चहा कसा लागायचा, कुठल्या शर्टावर जीव होता, कुणावर रुसायचा, रुसला की कुठे जाऊन बसायचा, पैसे कसे मोजायचा, कुठलं गिऱ्हाईक आवडायचं नाही. त्याचे वाईट दिवसही लिहा, मारामाऱ्या, शिव्या, सगळं. नुसतं गोड गोड लिहिलं तर दोन वर्षांनी तुम्हालाच तो ओळखू येणार नाही.

आणि एक गोष्ट लगेच करा, आई आहे तोवर. या लोकांच्या तोंडाचे स्नायू सैल असतात त्यामुळे बोलणं बरंचसं घरच्यांनाच कळतं, आणि घराघरांत त्यांचे स्वतःचे शब्द असतात. दादा पाण्याला काय म्हणायचा, तुम्हाला कशी हाक मारायचा, दुकानाला काय म्हणायचा, कंटाळा आला की काय म्हणायचा, हे सगळं आईला विचारा आणि मोबाईलवर तिच्या आवाजात रेकॉर्ड करून घ्या, ती त्याची नक्कल करून सांगेल बघा. 51 वर्षं ती त्याचं बोलणं जगाला समजावून सांगत होती आणि आता तिला कुणी काही विचारतच नाही, ती नुसती बसून असते त्याचं मला तरी हे मोठं कारण वाटतं. या कामाला तुमच्या मुलाला बसवा आजीजवळ. नऊ वर्षांचा आहे, त्याला मजा येईल आणि मामाबद्दलची त्याची उत्तरंही तिथेच मिळतील.

अल्बम काढलात तर एक दिसेल कदाचित, बऱ्याच घरांत लग्नाच्या ग्रुप फोटोत हा भाऊ एकतर नसतो नाहीतर अगदी कडेला अर्धा कापला गेलेला असतो. वाईट वाटेल, पण म्हणूनच दुसऱ्यांकडे मागा. मंडळाच्या पोरांच्या मोबाईलमध्ये आरतीचे व्हिडिओ असतील, शेजारच्या टपरीवाल्याकडे असेल, जुन्या गिऱ्हाइकांकडे असेल. नवीन मोबाईल घेतला की जुनं सगळं जातं म्हणून आजच मागा. आणि मागायला गेलात की लोक आपणहून गोष्टी सांगतात, त्याही त्याच वहीत लिहा. तुम्हाला माहीत नसलेला दादा तिथे सापडेल.

वर्षश्राद्ध करा. पितृपक्षात महालयाला नावं घेतात त्यात भाऊ-बहीण येतातच, मूलबाळ नसलं म्हणून कुणी त्या यादीतून बाहेर पडत नाही, काकांना हे गुरुजींकडूनच सांगायला लावा म्हणजे वाद नको. जेवायला नातेवाइकांपेक्षा दादाची माणसं बोलवा, हमाल, मंडळाची पोरं, जी कुणी त्याच्याशी रोज बोलायची ती. विधी नको वाटला तर नका करू, पण ‘त्याच्यासाठी कशाला’ या कारणाने टाळू नका.

फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष होऊन गेलेले जनरल द गॉल, फार कडक आणि अबोल म्हणून प्रसिद्ध माणूस, त्यांची धाकटी मुलगी अ‍ॅन हिला डाऊन सिंड्रोम होता. 1928 चा तिचा जन्म. त्या काळी अशी मुलं संस्थेत ठेवून द्यायची पद्धत होती, यांनी तिला घरातच वाढवलं. ती 1948 साली न्यूमोनियाने गेली, विशीत. अशा मुलींसाठी त्यांनी आणि त्यांच्या बायकोने ती असतानाच तिच्या नावाने संस्था काढली होती, आणि 1970 मध्ये ते स्वतः गेले तेव्हा सरकारी इतमामातला अंत्यविधी नाकारून त्यांच्या इच्छेप्रमाणे गावच्या स्मशानभूमीत अ‍ॅनच्या शेजारी त्यांना पुरलं. आपल्याकडे मुंबईत जय वकील शाळा 1944 साली सुरू झाली तीसुद्धा एका पारशी जोडप्याने डाऊन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी सुरू केली. सगळ्यांनी संस्था काढाव्यात असं मी म्हणत नाहीये. काकांना सांगायला हे उपयोगी पडेल, की मूलबाळ नसलेल्या माणसाच्या मागेसुद्धा केवढं राहू शकतं.

प्रश्न : आमची मुलगी सात महिन्यांची होऊन गेली. डाऊन सिंड्रोम आणि हृदयाला मोठं छिद्र होतं, ऑपरेशनची तारीख ठरली होती पण त्याआधीच न्यूमोनिया झाला. घरच्यांनी तिचे कपडे, पाळणा, फोटो सगळं आवरून टाकलं, म्हणतात विसरा, दुसरं होईल. बायकोला तिचा वाढदिवस करायचाय. मला कळत नाही हे बरोबर की चूक. आणि पुढचं मूल पण असंच होईल का? – नाशिकचा एक वाचक

उत्तर : वाढदिवस करा. बायकोला एकटीला करू देऊ नका, तुम्ही सोबत करा, आणि आवरलेल्या वस्तूंमधलं एक झबलं, हॉस्पिटलचा हातातला पट्टा, एक-दोन फोटो तुमच्या कपाटात परत आणून ठेवा. लोकांना वाटतं सात महिन्यांच्या बाळाचं काय आठवणार. तुम्हाला विचारलं तर तुम्ही दूध पिताना ती कुठे बघायची इथपासून सांगाल. ते दोघं मिळून लिहून ठेवा, आणि पुढे मूल झालं तर त्याला सांगा की तुला एक ताई होती.

डाऊन सिंड्रोम असलेल्या दहातल्या चार-पाच बाळांना हृदयाचा दोष असतोच आणि असं मोठं छिद्र त्यांच्यात जास्त दिसतं. फुप्फुसात रक्त जास्त जातं म्हणून संसर्गही पटकन होतो आणि संसर्ग असताना ऑपरेशन पुढे ढकलावं लागतं. त्या कोंडीत तुम्ही सापडलात, यात तुमचं काही चुकलं असं मला तुमच्या पत्रात कुठेच दिसत नाही.

पुढच्या बाळाबद्दल, तिचा गुणसूत्रांचा रिपोर्ट म्हणजे कॅरिओटाइप काढला होता का ते फाईलमध्ये बघा, ती फाईल रागाने फाडू नका. साधं तिसरं गुणसूत्र असेल, आणि बहुतेकांत तेच असतं, तर तरुण आईला परत तसं होण्याची शक्यता साधारण शंभरात एक धरतात, पस्तिशीनंतर वयाप्रमाणे वाढते. शंभरातल्या तीन-चार जणांत मात्र ते गुणसूत्र दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेलं असतं, तेव्हा आईवडिलांचीही तपासणी करतात कारण मग आकडा बदलतो. जेनेटिक कौन्सेलिंगचे, म्हणजे आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देणारे डॉक्टर मोठ्या हॉस्पिटलात असतात, दोघं मिळून जा, सासरमाहेरची माणसं नकोत बरोबर. आणि घाई करू नका. दुसरं मूल हे हिच्या जागेवर येणार नाही, त्याला त्याची स्वतःची जागा मिळाली पाहिजे.

प्रश्न : माझी मुलगी 29 वर्षांची आहे, डाऊन सिंड्रोम. कार्यशाळेत तिच्या शेजारी बसणारा तिचा मित्र दिवाळीत गेला, त्यालाही डाऊन सिंड्रोम होता. आम्ही तिला सांगितलं तो गावाला गेलाय. आता ती रोज त्याच्यासाठी डब्यात एक लाडू जास्त नेते आणि परत आणते. सांगावं का? तिला झेपेल का? – पुणे

उत्तर : सांगा, या आठवड्यातच सांगा. ती सध्या दुःखातच आहे, तिला वाटतंय मित्र न सांगता निघून गेला आणि परत यायचं नाव घेत नाही, हे तर जास्त वाईट. बसवून सोप्या शब्दांत सांगा, तो खूप आजारी पडला, डॉक्टरांनी प्रयत्न केले, तो मेला, आता तो परत येणार नाही. झोपला म्हणू नका, ती रात्री झोपायला घाबरेल. देवाने नेला म्हणू नका, देव मला कधी नेणार असं विचारेल आणि तुमच्याकडे उत्तर नसेल. तुम्ही आधी गावाला गेला का म्हणालात असं विचारलं तर खरं सांगा, की आम्हाला वाईट वाटत होतं म्हणून.

ती लगेच रडेलच असं नाही. या मुलांचं दुःख बऱ्याचदा उशिरा येतं, आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, आणि रडण्याऐवजी जेवण कमी होणं, कपडे बदलायला नकार, एकटंच बोलत बसणं असं काहीतरी होऊन येतं. एकटं बोलणं त्यांच्यात एरवीही खूप असतं, त्याला लगेच वेड समजू नका, तिला आधीपासून सवय होती का तेवढं आठवा. फारच गप्प झाली, वजन उतरलं तर डॉक्टरांना दाखवा आणि थायरॉइड तपासा, ते तसंही दरवर्षी करायला हवं.

आणि तिला त्याच्या घरी घेऊन जा. त्याच्या आईला आधी फोन करून विचारा, बहुतेक त्या हो म्हणतील, कारण त्यांच्याकडे येणारे सगळे मोठे लोक असतील, मुलाचं मित्रमंडळ कुणी नसेलच आलं. हार घातलेला फोटो तिला बघू दे, त्यामुळे जे सांगून कळत नाही ते कळतं. लाडू तिला स्वतःच्या हाताने त्यांना देऊ दे. कार्यशाळेतल्या बाईंशीही बोला, त्याची खुर्ची गुपचूप उचलून टाकू नका म्हणावं, बाकीच्या मुलांनाही तो कुठे गेला हे माहीत नसणार, सगळ्यांना एकदम सांगा आणि ज्याला त्याच्याबद्दल काही बोलायचंय, दाखवायचंय, चित्र काढायचंय त्याला एक दुपार द्या.